तंबू घेऊन ऑस्ट्रेलियातल्या गावांकडे: आठ दिवसांची निवांत सहल कशी आखायची

सिडनी-मेलबर्नमधली आपली मंडळी गाडी काढून आतल्या गावांकडे निघतात, तेव्हा बहुतेकांचं गणित पहिल्या कागदावरच चुकतं. आधी नकाशावर सात-आठ गावांना गोल करायचे, मग गूगलला तास विचारायचे आणि शेवटी झोपायला जागा शोधायची. परिणाम एकच. रोज तंबू ठोका, रोज उपटा, आणि गाव बघा ते पेट्रोल पंपापुरतं. परत आल्यावर ‘तिकडे काही नाहीये हो, नुसती शेतं’ हे ऐकायला मिळतं.

क्रम उलटा करा. आधी मुक्काम, मग गावं, सर्वांत शेवटी अंतर. खाली न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडचा एक फेरा धरून सगळं सांगतो, कारण तो मी चुकत चुकत शिकलोय. तुमचा रस्ता वेगळा असला तरी पायऱ्या त्याच.

## टप्पा १: आधी रात्री मोजा

तंबू ठोकून सामान लावायला दोघांना दीड तास लागतो आणि सकाळी सगळं आवरायला दोन. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात साडेतीन तास नुसत्या उस्तवारीत जातात. म्हणून एका ठिकाणी किमान दोन रात्री. मधला अख्खा दिवस गाडी जागेवर आणि तुम्ही पायी.

आठ दिवस, सात रात्री असतील तर असा फेरा बसतो:

- सिडनी ते मजी, सुमारे २६० किलोमीटर, ब्लू माउंटन्स आणि लिथगोवरून. दोन रात्री. तीसेक किलोमीटरवरचं गल्गाँग मधल्या दिवशी.
- मजीहून डनीडूमार्गे कूनाबॅराब्रन आणि पुढे वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान. दोन रात्री.
- तिथून गिलगँड्रावरून डबो. कूनाबॅराब्रनपासून १६० किलोमीटरच्या आसपास. दोन रात्री.
- डबोहून वेलिंग्टनमार्गे ऑरेंज, दीडशे किलोमीटर. एक रात्र, आणि मग बॅथर्स्टवरून घरी.

शेवटची एकच रात्र माझ्याच नियमात बसत नाही, हे मान्य. म्हणून तिथे तंबू ठोकूच नका, कॅरॅव्हॅन पार्कातली केबिन घ्या. सहा रात्रींनंतर भिंत आणि गीझर यांची किंमत कळते. शिवाय ऑरेंज समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या वर आहे, तिथली थंडी हलक्यात घेण्यासारखी नाही.

तपासा: कुठल्याही दिवशी गूगल चार तासांपेक्षा जास्त सांगतोय का? असेल तर एक गाव गाळा. गूगलचे चार तास म्हणजे चहा, मुलं आणि रस्त्याचं काम धरून साडेपाच.

## टप्पा २: तारखा ठरवताना

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे बरे दिवस. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-फेब्रुवारीत, या भागात चाळिशी गाठली जाते आणि तंबूचा तंदूर होतो. जून-जुलैत दिवस सुंदर, पण पहाटे पारा शून्याखाली जातो. ‘पश्चिमेकडे जातोय, म्हणजे गरम असणार’ या समजुतीने आलेली कुटुंबं मी रात्री दोन वाजता गाडीत हीटर लावून बसलेली पाहिली आहेत.

ईस्टर आणि ऑक्टोबरचा लाँग वीकेंड टाळता आला तर टाळा. टाळता येत नसेल तर जागा काही महिने आधी घ्या.

लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे घड्याळ. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सातच्या सुमाराला मावळणारा सूर्य एकदम सहाच्या आतच गुडूप होतो. आमची पहिली सहल नेमकी त्याच आठवड्यात होती. मजीला पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख. गाडीचे दिवे तंबूवर सोडले, तर जो कोणी मेख धरून वाकायचा त्याची सावली तिच्यावरच पडायची. जमीन दगडासारखी, हातोडी घरी, म्हणून बुटाच्या टाचेने ठोकत होतो. चार मेखा इंग्रजी ‘यू’सारख्या वाकल्या. शेवटी शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले एक आजोबा काही न बोलता रबरी हातोडा घेऊन आले, अर्ध्या तासात तंबू उभा केला आणि ‘सकाळी परत द्या’ म्हणून झोपायला गेले.

वॉरमबंगलला जाणार असाल तर आणखी एक बघा: कालनिर्णयातली अमावास्या. २०१६ साली हे उद्यान ऑस्ट्रेलियातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीच्या काळोख्या आभाळासाठी राखलेलं उद्यान, ठरलं. शेजारीच सायडिंग स्प्रिंग वेधशाळा आहे, तिथे १९७४ सालची ३.९ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. पौर्णिमेला गेलात तर यातलं निम्मं वाया. अमावास्येच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे मुक्काम ठेवा. अगस्त्याचा तारा, जो आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसतो, तो एप्रिलच्या संध्याकाळी तिथे चांगला वर असतो. आणि मृग नक्षत्र उलटं दिसतं. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, फोन उलटा धरलास का.

## टप्पा ३: गाडी

स्वतःची असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग. आदल्या दिवशी केलं आणि काही निघालं, तर दुरुस्तीला वेळ राहत नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. सुटं चाक नुसतं आहे का ते बघू नका, त्यातही हवा भरा, आणि जॅक सामानाच्या तळाशी गाडू नका.

भाड्याची असेल तर करारातली दोन कलमं वाचाच: कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, आणि शहराबाहेर रात्री चालवली तर काय. बऱ्याच करारांत पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असतं. नकाशा मात्र दहा मिनिटं वाचवण्यासाठी बिनदिक्कत मातीच्या रस्त्यावर घालतो.

सावधान: टपावर किती वजन चालतं याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. कॅरियरचं स्वतःचं वजनही त्यातच मोजायचं. पाण्याचे कॅन आणि डबे टपावर कधीच नाहीत.

## टप्पा ४: जागा घेणं

चार प्रकार आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

कॅरॅव्हॅन पार्क. गरम पाणी, सामायिक स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र. नवख्यांनी पहिला मुक्काम इथेच करावा. बुक करताना ‘पॉवर्ड’ की ‘अनपॉवर्ड’ हे विचारतात.

विजेची जागा घेतलीत तर हे नीट वाचा. खांबावरचं सॉकेट १५ अँपियरचं असतं. त्यासाठीची कॅरॅव्हॅनची केबल वेगळी, तिच्या प्लगची अर्थची पिन घरच्यापेक्षा रुंद. ती घरच्या १० अँपियरच्या सॉकेटात जात नाही. म्हणून लोक ‘खराब निघाली’ म्हणून दुकानात परत करतात, किंवा त्याहून वाईट, पिन घासून बारीक करतात. असं करू नका. घरची साधी एक्स्टेन्शन कॉर्ड ओल्या गवतावर रात्रभर टाकणंही तितकंच वाईट. १५ अँपियरची बाहेर वापरायची केबल आणि सेफ्टी स्विच असलेला छोटा पॉवर बॉक्स घ्या. केबल वेटोळं करून ठेवू नका, पूर्ण सोडा. गुंडाळलेली केबल तापते.

शोग्राउंड. गावच्या वार्षिक कृषी प्रदर्शनाचं मैदान. बऱ्याच गावांत ते इतर वेळी तंबू-कॅरॅव्हॅनला स्वस्तात देतात. सोयी साध्या, पण गाव पायी जवळ आणि गप्पा मारायला माणसं. मला हाच प्रकार सर्वांत आवडतो. फक्त जाण्याआधी फोन करा. प्रदर्शन, घोड्यांच्या स्पर्धा किंवा बाजार असेल त्या आठवड्यात जागा बंद असते.

राष्ट्रीय उद्यान. न्यू साउथ वेल्समध्ये उद्यानांतल्या जागा ऑनलाइन बुक करूनच जायचं. वॉरमबंगलमध्ये कॅम्प ब्लॅकमन घ्या, तिथे गरम शॉवर आहेत. कूनाबॅराब्रनपासून हे उद्यान तीसेक किलोमीटर आत आहे. किराणा, बर्फ, पेट्रोल, सगळं गावातच उरकून मग आत शिरा.

फुकट जागा. हायवेच्या कडेचे थांबे. यांतल्या अनेक ठिकाणी फक्त स्वतःचा संडास आणि टाकी असलेल्या गाड्यांनाच मुक्काम करता येतो, तंबूला नाही. पाटी वाचा. लहान मुलं असतील तर पहिल्या सहलीत या भानगडीत पडूच नका.

## टप्पा ५: अंगणात रंगीत तालीम

ही पायरी सगळे टाळतात, आणि पहिल्या रात्रीच्या रडारडीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. निघण्याच्या आदल्या शनिवारी तंबू घरामागे किंवा जवळच्या बागेत उभा करा. पुस्तिका न बघता, घड्याळ लावून. मग त्यावर पाण्याची नळी सोडा आणि आत बसा. कुठे गळतं ते मजीच्या पावसात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

तंबूखालची ताडपत्री तंबूच्या कडेच्या चार बोटं आत दुमडा. बाहेर राहिली तर छतावरून ओघळलेलं पाणी ती झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली नेते. तंबूसोबत आलेल्या बारीक तारेच्या मेखा घरी ठेवा. जाड पोलादी मेखा आणि हातोडा विकत घ्या.

अंथरुणाची चूक तर ठरलेलीच. हवेची गादी उन्हाळ्यात छान, थंडीत बर्फाची लादी, कारण आतली हवा जमिनीइतकी गार होते. गादीखाली फोमची चटई घाला. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (इथवर आरामात झोप लागते) आणि लिमिट (इथवर कसंबसं निभतं). दुकानदार लिमिटचा दाखवतो, आपण कम्फर्टचा बघायचा. वरून आजीची गोधडी असेल तर दुसरं काही नको.

तपासा: एक रात्र सगळ्यांनी अंगणातच झोपून बघा. कोणाला गार लागलं, कोणाची बॅटरी संपली, रात्री संडासला जाताना कोण तणाव्याला अडकून पडलं, याची यादी सकाळी चहाबरोबर करा.

## टप्पा ६: गाडी भरण्याचा क्रम

पोहोचल्यावर जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. म्हणजे डिकी उघडताच समोर ताडपत्री, तंबू, मेखा, हातोडा आणि डोक्याला लावायच्या बॅटऱ्या. त्यामागे अंथरुणं. स्वयंपाकाचा एकच खोका. कपड्यांच्या बॅगा सर्वांत आत. पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरा. कॅम्पवरच्या नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असू शकते.

स्वयंपाकात आपला उत्साह नडतो. एका शेगडीवर वरण-भात-भाजी-पोळी मांडलीत तर गाव बघायचं राहून जातं. रात्री मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात, सकाळी पोहे, बाकी गावच्या बेकरीत. पहिल्या दोन दिवसांसाठी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या टिकतात आणि तव्याची कटकट नाही.

ब्युटेनच्या डब्यावर चालणारी शेगडी नेत असाल तर थंडीतल्या सकाळी ती रुसते. शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, ज्योत लुकलुकते आणि विझते. डबा रात्री गार गवतावर ठेवू नका, सकाळी काही वेळ जॅकेटमध्ये धरा. आगीजवळ किंवा गरम पाण्यात नाही. थंडीत जाणार असाल तर सरळ एलपीजीचं छोटं सिलिंडर आणि त्याची शेगडी न्या.

सावधान: पाऊस असो, वारा असो, शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेकोटीतले निखारे ‘ऊब राहील’ म्हणून आत आणणं त्याहून वाईट.

## टप्पा ७: रस्त्यावर

सकाळी नऊला निघा, तीनला पोहोचा. कांगारू पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यालगतचं कोवळं गवत खायला येतात. एक दिसला म्हणजे मागे दुसरा आहेच असं समजा. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. कांगारू चुकवायला गेलेली गाडी झाडावर जाते.

गिलगँड्रा-डबो हा न्यूएल हायवेचा पट्टा. इथे साडेछत्तीस मीटरपर्यंत लांबीचे रोड ट्रेन, म्हणजे मागे एकाहून जास्त ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतात. त्यांना ओलांडायची घाई नको. काही किलोमीटरवर ओव्हरटेकिंगची लेन येतेच. ती नसेल तर गाडी कडेला घ्या आणि चहा प्या. ट्रकवाल्यांसाठी राखलेल्या थांब्यात मात्र गाडी लावू नका, त्यांची झोप आपल्या चहापेक्षा महत्त्वाची.

या रस्त्यावर मुलांना गुंतवायला एक झकास सोय आहे. सायडिंग स्प्रिंगच्या घुमटाला सूर्य मानून आसपासच्या रस्त्यांवर प्रमाणात ग्रहांचे फलक लावले आहेत. कूनाबॅराब्रनहून डबोकडे जाताना आपण एकेक ग्रह मागे टाकत जातो. ‘अजून किती लांब?’ याला निदान ‘शनी आला की सांगतो’ असं उत्तर देता येतं.

टाकी अर्धी झाली की भरा. छोट्या गावातला पंप रविवारी उघडा असेलच असं नाही. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. गावांकडे टेल्स्ट्रा या फोन कंपनीचं जाळं सर्वांत दूरवर जातं, पण तेच जाळं वापरणाऱ्या स्वस्त कंपन्यांना ते पूर्ण मिळतंच असं नाही. संकटात ०००, आणि ‘इमर्जन्सी प्लस’ हे ॲप टाकून ठेवा, ते तुमची नेमकी जागा दाखवतं. रस्त्यावर पाणी आलेलं दिसलं तर खोलीचा अंदाज बांधत बसू नका, मागे फिरा.

## टप्पा ८: पोहोचल्यावरचा पहिला तास

1. गाडीतून काहीही न काढता जागेभोवती एक फेरी. वर बघा: निलगिरीची वाळकी फांदी डोक्यावर आहे का? ही झाडं वारा नसतानाही फांद्या टाकतात. खाली बघा: पाणी कुठून वाहत आलंय, मुंग्यांचं वारूळ कुठे आहे.
2. ताडपत्री, मग तंबू. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. आधी चार कोपरे, मग काठ्या, शेवटी तणावे. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोका.
3. तणाव्यांना पांढरं कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधा, म्हणजे रात्री कोणी अडखळत नाही.
4. उजेड असतानाच अंथरुणं घाला. चहा यानंतर. आधी चहा केला की सगळं ढेपाळतं, हा अनुभव आहे.
5. खाण्याचं सगळं गाडीत बंद. पॉसम, म्हणजे रात्री झाडांवरून उतरणारे इथले मांजराएवढे प्राणी, तंबूची चेन उघडत बसत नाहीत, कापड फाडतात. बूट तंबूच्या आत, आणि सकाळी घालण्यापूर्वी झटका.

## टप्पा ९: विस्तव

या राज्यात १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा वणव्यांचा अधिकृत काळ. २०१३ च्या जानेवारीत वॉरमबंगलचं बहुतेक जंगल जळालं. काळ्या पडलेल्या खोडांना फुटलेली पालवी तिथे गेल्यावर बघालच. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झाला की शेकोटी बंद, आणि गॅसची शेगडीसुद्धा सरसकट चालत नाही, तिला जागेच्या अटी आहेत. रोज सकाळी ग्रामीण अग्निशमन सेवेची माहिती बघा आणि न शिजवता भागेल असं एक जेवण कायम हाताशी ठेवा.

उद्यानात पडलेली लाकडंही उचलायची नाहीत, सरपण गावातून विकत आणा. विझवताना पाणीच ओता, ढवळा, पुन्हा ओता. माती टाकली की वरून विझल्यासारखं दिसतं, आत निखारा तसाच राहतो आणि सकाळी तिथे अनवाणी मुलाचा पाय पडतो.

## टप्पा १०: मधला दिवस

याच्यासाठीच तर आलोय. निळ्या पाटीवर पिवळा ‘आय’ दिसला की ते पर्यटक माहिती केंद्र. सकाळी आधी तिथे जा. काउंटरवरच्या बाईंना ‘काय बघू?’ असं विचारू नका. ‘आज गावात काय चालू आहे?’ असं विचारा.

वेळा लिहून ठेवा. बरीच दुकानं शनिवारी दुपारी बंद होतात ती सोमवारीच उघडतात. बेकरीत दुपारी दोननंतर काही उरत नाही. पबचं स्वयंपाकघर साधारण आठ-साडेआठला आवरतं, आपल्या जेवणाच्या वेळेला. शाकाहारी असाल तर बेकरीत पालक-रिकोटाचा रोल मिळतो, पबमध्ये आधी फोन करून विचारा. बऱ्याच गावांच्या बागेत बटण दाबून चालणारी फुकट विजेची शेगडी असते. तिच्यावर कणसं आणि पनीर भाजून आम्ही दुपार काढली आहे. वापरून झाल्यावर पुसा.

डबोच्या प्राणिसंग्रहालयाचा वर्तुळाकार रस्ता सहा किलोमीटरचा आहे. सायकली न्या, गाडीतून बघून मजा नाही.

## टप्पा ११: आवरणं

तंबू सकाळी दवाने ओला असतो. आधी न्याहारी, तोवर दारं उघडी टाकून वारा खेळू द्या. तरीही ओला राहिला तर पिशवीत कोंबू नका. मोठ्या ताडपत्रीत सैल गुंडाळा आणि पुढच्या मुक्कामी पहिल्यांदा तोच पसरा. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात दोरीवर, पूर्ण वाळेपर्यंत. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत.

मेखा पिशवीत भरताना मोजा. आकडा मार्करने पिशवीवरच लिहून ठेवा. आमच्या पिशवीवर ‘२४’ लिहिलंय, तो खोडून ‘२२’, आणि शेजारी ‘हातोडा!’ असं मुलीच्या अक्षरात.